वाशिमचा दर

आमच्या कंपनीत कोडला एकच भाव नाही. पुण्यात बसून लिहिलात तर पुण्याचा पगार, वाशिमला बसून लिहिलात तर वाशिमचा. म्हणजे चौथा हिस्सा गायब. का, तर तिथं राहणं स्वस्त. मी शनिवार पेठेत वडिलांच्या फ्लॅटमध्ये फुकट राहतो, तरी माझा पगार पुण्याचा. माझं भाडं कुणी विचारलं नाही, मीही सांगायच्या भानगडीत पडलो नाही.

सुदर्शन माझ्या टीममध्ये. वाशिमकडच्या खेड्यातला, मोजकं बोलणारा, कामाला चोख. त्याच्या आईचं, चंद्रभागाबाईंचं, डायलिसिस सुरू झालं तेव्हा त्यानं तिला पुण्यात आणलं होतं. विश्रांतवाडीत चौथ्या मजल्यावर एक खोली, लिफ्ट नाही. बाई कंटाळल्या. "मले माह्या घरी ने," म्हणाल्या. हा घेऊन गेला आणि तिथूनच काम करू लागला.

गाव स्वस्तच हो. दूध स्वस्त, भाजी स्वस्त. फक्त डायलिसिसला दर वेळी गाडी करून अकोल्याला जायचं. तो खर्च कंपनीच्या तक्त्यात नाही. पगार कापला असता तर डायलिसिस थांबलं असतं, एवढा सरळ हिशेब.

म्हणून त्यानं इथं बरेच जण करतात तेच केलं. गेटवर कार्ड टेकवलं की माणूस पुण्यात. कार्ड त्यानं शेजारी बसणाऱ्या प्रज्ञेशला देऊन ठेवलं. प्रज्ञेश आधी स्वतःचं टेकवायचा, मग याचं. मला माहीत होतं. काम वेळेवर येत होतं, मी कशाला नाक खुपसू?

मग एका मंगळवारी पहाटे बाई गेल्या. सकाळी सुदर्शननं अग्नी दिला. आई गेल्यावर कार्डाची आठवण कुणाला राहते? प्रज्ञेशला त्या दिवशी कुणी कळवलंच नाही. तो नेहमीसारखा आला, दोन्ही कार्डं टेकवली आणि चहाला गेला.

तेरावं उरकून सुदर्शन पुण्यात आला. रजेसाठी मृत्यूचा दाखला जोडला आणि तिथंच सापडला: दाखल्यावर मंगळवार, आणि गेटच्या नोंदीत त्या मंगळवारी हा हजर. एचआरच्या ऋचा मॅडमनी त्याला बोलावलं, टीम लीड म्हणून मलाही. भादरलेल्या डोक्यावर नुकती खुंटं आली होती. ती दिसत नसल्यासारख्या मॅडम लॅपटॉपकडे बघत होत्या.

"आईंचं ऐकलं, वाईट वाटलं. पण त्या दिवशी तुम्ही इथं आहात, सुदर्शन. ऑडिट आलंय. तिकडे होतात, तर कार्ड दुसऱ्यानं वापरलं. मग तुम्ही आणि तो, दोघंही घरी, आणि पुढच्या कंपनीनं विचारलं तर आम्हाला कारण सांगावं लागेल."

"आणि इथं असलो तर?"

"तर प्रश्नच नाही. तसं लिहून द्या."

मला मॅडमचा असा संताप आला की लॅपटॉप उचलून आपटावा. आपटला नाही. घराचा हप्ता नसला तरी गाडीचा आहे.

सुदर्शननं पेन घेतलं. मला वाटलं, फेकेल. त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं, आईच्या अंत्यविधीला मी हजर नव्हतो.

मॅडमनी वाचलं. "कुठं होतात तेही लिहा."

त्यानं खाली लिहिलं, मी ऑफिसमध्ये काम करत होतो.

"छान. मग मंगळवारची रजा लागत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमचा एक दिवस वाचला."

"थँक यू, मॅम," सुदर्शन म्हणाला.