वासुदेवरावांची टायटॅनियमची फ्रेम

आम्ही चौघं दर रविवारी हिंगणघाटहून सायकली घेऊन निघतो, दोन तास चालवतो आणि परत आल्यावर तर्री-पोह्याच्या टपरीवर तीन तास बसतो. त्यामुळे आमच्याकडे किलोमीटर कमी आणि किस्से जास्त. एकानं एक काढला की दुसऱ्याला दोन आठवतात. पण अलीकडे कुठूनही सुरुवात केली तरी गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबते, ती म्हणजे वासुदेवरावांच्या फ्रेमवर.

आधी माणसं सांगतो. वासुदेवराव एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते, आता रिटायर आहेत. सुनीताताई समुद्रपूरकडे नर्स आहेत. प्रमोदचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. आणि मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, म्हणून मला सगळे ‘सर’ म्हणतात आणि माझं कोणी ऐकत नाही.

आमचा आवडता रस्ता म्हणजे अल्लीपूरकडची पांदण. शेताशेतांतून जाणारी कच्ची वाट. पावसाळ्यात तिथं चिखल, आणि उन्हाळ्यात तोच चिखल चाकोऱ्यांसकट विटेसारखा कडक होतो. त्या वाटेवर वासुदेवराव कायम पुढे असायचे. मागच्या वर्षी तुरीतून एक रानडुक्कर निघालं आणि थेट त्यांच्या चाकावर आलं. डुक्कर पळालं. वासुदेवराव बांधाखाली पडले, डाव्या मांडीचं हाड मोडलं. सुनीताताईंनी ओढणी आणि कपाशीच्या दोन वाळक्या पऱ्हाट्यांनी पाय बांधला. पुढं ऑपरेशन झालं, हाडात रॉड बसला.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी डॉक्टरला पहिला प्रश्न विचारला, “रॉड कायचा हाय?”

“टायटॅनियमचा.”

“ग्रेड कोनता?”

डॉक्टर म्हणाले, तीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.

*

सहा महिने ते टपरीवर यायचे ते पुतण्याच्या स्कूटरवर मागे बसून. हसायचे, पोहे खायचे, आमच्या टायरवरचा चिखल बोटानं काढून बघायचे. “कालव्याच्या बाजूनं गेलते वाटते आज,” एवढंच म्हणायचे. आणि बरोबर असायचं.

मग डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली, पण डांबरी रस्त्यावर. हादरे नकोत. वासुदेवराव आठ दिवस हायवेच्या कडेनं फिरले आणि नवव्या दिवशी सायकल भिंतीला टेकवून मोकळे झाले.

मी विचारलं, “काऊन, पाय दुखून राह्यला का?”

“पाय नाई दुखत, सर. पन हे ट्रकच्या मागं रांगेत उभं राहनं हाय. याले मी सायकल चालवनं कसं म्हनू?”

त्यांची जुनी सायकल ॲल्युमिनियमची, ताठ. पांदणीवर तिचा एकेक दणका कमरेपर्यंत जायचा. ते चोरून एकदा जाऊन आले होते आणि दोन दिवस जिना चढू शकले नव्हते. हे आम्हाला नंतर त्यांच्या बायकोकडून, निर्मलावहिनींकडून कळलं. त्यानंतर ते टपरीवरही कमी यायला लागले.

*

तेव्हा प्रमोदनं विषय काढला. तो म्हणाला, फ्रेम बदलू. जी दणका थोडा स्वतः खाईल अशी. त्यानं त्याची स्वतःची लोखंडी सायकल त्यांना आठवडाभर दिली.

मी लगेच धातूंच्या लवचिकतेवर बोलायला सुरुवात केली. कोणता धातू किती वाकतो, नळी बारीक केली की काय होतं वगैरे. वासुदेवरावांनी पाच मिनिटं शांतपणे ऐकलं.

“सर, तुम्ही धातू फळ्यावर काढला. मी कापला.”

लोखंडी सायकल त्यांना आवडली. बसायला छान, म्हणाले. पण वाटेत नाला लागतो, तिथं सायकल उचलून पलीकडे न्यावी लागते, आणि तिच्या वजनानं त्यांचा तोल गेला. सुनीताताईंनी वेळेवर धरलं. लोखंडासारखी लवचिक, पण उचलायला हलकी, आणि चिखलात राहिली तरी गंज न धरणारी अशी फ्रेम कशाची असते, यावर आमची मोठी चर्चा झाली.

वासुदेवरावांनी मांडीवर थाप मारली. “हे हाय ना.”

किंमत ऐकून निर्मलावहिनींनी ती प्रमोदला पुन्हा एकदा सांगायला लावली. मग म्हणाल्या, “घ्या. नाईतरी घरात बसून मलेच हादरे देऊन राह्यले तुम्ही.”

*

फ्रेम घ्यायची तर माप लागतं. प्रमोदनं रीत सांगितली. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, मांड्यांमध्ये एक जाड पुस्तक सीटसारखं घट्ट धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेची भिंतीवर खूण करायची. वासुदेवराव हाफपँटवर, मी जमिनीवर पेन्सिल घेऊन, आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, वाटी दारातच ठेवली आणि गेल्या.

गंमत तिथंच संपली. कारण उजव्या पायावर भार दिला की खूण वर पडत होती आणि डाव्यावर दिला की खाली. मला वाटलं माझंच चुकतंय. तीनदा केलं. दोन खुणांमध्ये बोटभर अंतर.

वासुदेवराव भिंतीकडे बघत होते. वहिनी उठल्या, बाहेर गेल्या आणि त्यांचा डावा बूट घेऊन आल्या. आत हात घातला तर घडी केलेला पुठ्ठा निघाला.

“कधीपासून?”

“डॉक्टरनं सांगतलं होतं. होते म्हने पाय असा आखूड कधी कधी.”

“मी इचारलं, कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

वहिनींनी पुठ्ठा मुठीत चुरगळला. मी उठायला लागलो तर म्हणाल्या, “बसा सर. दोन्ही मापं लिवा. निदान सायकलवाल्याले तरी खरं सांगा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जुनी रबरी चप्पल कापून वासुदेवरावांच्या झाडून सगळ्या डाव्या बुटा-चपलांमध्ये तुकडे चिकटवले. त्या चपलेचाच एक तुकडा प्रमोदनं पुढं सायकलच्या डाव्या पेडलवर ठोकला.

*

नागपूरच्या दुकानात आम्ही चौघंही गेलो. दुकान चकचकीत, खाली पांढऱ्या फरश्या. काउंटरवरच्या तरुणानं विचारलं, “अंकल, रेस के लिए चाहिए या ट्रेल के लिए?”

“खेत के लिए,” वासुदेवराव म्हणाले.

त्यानं दोन फ्रेमा काढल्या, दोन्हीवर चाकं आणि सीट चढवलेली. पहिली दिसायला देखणी, वेगासाठी बनवलेली, पुढे वाकून बसायची. दुसरीचा मधला दांडा उतरता, म्हणजे तोल गेला तर आखूड पायही सहज जमिनीला लागेल. मागच्या नळ्या बारीक. वासुदेवराव दोन्हींवर बसून बघत होते. तरुण पहिलीचं कौतुक करत राहिला. “ये बहुत भागती है, अंकल.”

“मले पळायचं नाई, बाबू. मले बसायचं हाय.”

मग त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकची पुडी काढली. आत आमच्या पांदणीची काळी माती, ओली करून, मळून आणलेली. लिंबाएवढा गोळा करून त्यांनी पहिल्या सायकलच्या टायर आणि फ्रेमच्या मध्ये धरला आणि चाक फिरवलं. चाक अर्धं फिरलं आणि अडकलं. दुसरीत धरला, गोळा सहज पलीकडे निघाला.

“पयली पावसाळ्यात घरी बसन,” ते म्हणाले. “दुसरी माह्यासंग येईन.”

तरुण फरशीवर पडलेल्या मातीकडे बघत होता. सुनीताताईंनी पर्समधून कागद काढून ती पुसली.

निघता निघता वासुदेवरावांनी आणखी एक विचारलं. खरं टायटॅनियम ग्राइंडरवर धरलं की पांढऱ्याशुभ्र ठिणग्या उडतात, तर एक कोपरा जरासा धरून बघू का? त्या पोरानं फ्रेम दोन्ही हातांनी छातीशी ओढली.

“घ्या हीच,” वासुदेवराव आम्हाला म्हणाले. “नकली असती तर त्याले येवढं दुखलं नसतं.”

*

प्रमोदनं सायकल जोडली, रुंद टायर लावले आणि हवा कमी ठेवली. “अर्धा आराम फ्रेमचा, अर्धा टायरचा,” असं त्यानं बजावलं. एप्रिलच्या एका सकाळी आम्ही पांदणीवर उतरलो. वासुदेवराव या वेळी सगळ्यांच्या मागे होते. दर थोड्या वेळानं सुनीताताई वळून विचारायच्या, “कसं वाटते?” ते मान हलवायचे. अर्ध्या तासानं त्यांनी विचारायची वाट पाहिली नाही. घंटी वाजवली आणि आमच्या तिघांच्या पुढे गेले.

पांदणीच्या तोंडाशी रामदासचं घर आहे. तो भाजीपाला करतो. परतताना आम्ही तिथं पाणी प्यायला थांबलो. ओट्यावर त्याचे वडील, नामाजी आजोबा बसले होते. ऐंशीच्या पुढचे. मणका दुखावल्यापासून ते वर्षभर शेतात गेले नव्हते. बैलबंडीतले हादरे सहन व्हायचे नाहीत आणि तेवढं अंतर पायी चालवायचं नाही. रामदास म्हणाला, “बोलतच नाई आता बाबा. जेवा म्हनलं का जेवते, झोपा म्हनलं का झोपते.”

वासुदेवरावांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. सायकल ओट्याला लावली आणि प्रमोदला म्हणाले, “सीट पार खाली घे.”

“बाबाजी, बसता का?”

आजोबांनी सायकलकडे पाहिलं, मग वासुदेवरावांच्या पायाकडे. उठून उभे राहिले.

सुनीताताईंनी आधी त्यांची पाठ दाबून पाहिली, दोन प्रश्न विचारले आणि मगच हो म्हटलं. रामदासनं आणि मी दोन्ही बाजूंनी धरलं. हँडल वासुदेवरावांच्या हातात. आम्ही पायी निघालो. चाकोरी आली की वासुदेवराव थांबायचे, पुढचं चाक हळूच आत उतरवायचे, हळूच वर काढायचे. ते स्वतः लंगडत होते. त्या वाटेला पंचवीस मिनिटं लागली आणि आजोबा एकदाही कण्हले नाहीत.

शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सायकल उभी केली. समोर भेंडीचं वावर होतं. आजोबांनी सीटवर बसूनच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग हात लांब केला, जवळच्या झाडाची एक भेंडी तोडली आणि शेंडा मोडून पाहिला. तो मोडला नाही.

“रामदास,” ते म्हणाले. “निब्बर होऊन राह्यली ना बे भेंडी. काय करतं तू दिवसभर?”

रामदास खाली बसला, पाठ आमच्याकडे केली आणि भेंडी तोडायला लागला.