गणपतकाकांची डबल बेल

फोंडाघाटच्या बाजारात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे आणि माझा स्वभाव तिखट आहे, हे दोन्ही गावाला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाने सल्ला विचारावा आणि मग स्वतःचंच खरं करावं, याचा मला भारी राग. गणपतकाकांनी नेमकं तेच केलं.

काका एसटीचे ड्रायव्हर. उभा जन्म घाट चढण्या-उतरण्यात गेला. निवृत्तीनंतर पक्षाघाताचा झटका आला. बाकी सगळं सावरलं, डावा हात तेवढा रुसला. हलवत राहिलात तर सुधारेल, नाहीतर जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि दाबायला रबरी चेंडू दिला. काकांनी तो मांजराला देऊन टाकला. "मी काय पोर आसंय?" म्हणाले. मग दिवसभर पडवीत बसून राहायचे आणि घाटाकडे निघालेली गाडी कुठल्या गिअरमध्ये आहे ते नुसत्या आवाजावरून ओळखायचे.

त्यांची मुलगी तन्वी माझी शाळेपासूनची मैत्रीण. बाबांचा हात कायमचा जाणार या धास्तीने ती पार वाळली होती. शेवटी तिलाच सुचलं. कॉम्प्युटरवर बस चालवायचा गेम, त्याला खरं स्टिअरिंग, आणि डाव्या हाताला गिअरचा दांडा.

स्टिअरिंगनेच बजेटचा मोठा घास घेतला. उरल्या पैशांत दोनच प्रोसेसर बसत होते. एक आय-थ्री १२१००एफ. चलाख, पण पडद्यावर चित्र उमटायला त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि ते कुणाचं तरी वापरलेलंच घ्यावं लागणार होतं. दुसरा रायझन ५६००जी. त्याची चित्राची सोय त्याच्या पोटातच, सगळं नवंकोरं, पण गेममध्ये जरा मंद. मी म्हटलं, डोळे मिटून पहिला घ्या.

तन्वीने काकांना दुकानात आणलं होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ता जुना कार्ड मधीच बंद पडला तर?"

"पडात पण. तेव्हाचा तेव्हा बघूया, काकानू."

"तेव्हा बघूया?" काका खुर्चीत ताठ झाले. "घाटात गाडी बंद पडली तर पाठी बसलेली माणसा खंय जातली गो?"

"गेमातल्या गाडीत माणसा नसतत."

"माणसा नाय, तर गाडी चालवची कशाक?"

तन्वीने दुसरा प्रोसेसर घेतला. मी बिल केलं, पण तोंड फुगवूनच.

सगळं जोडून द्यायला मीच त्यांच्या घरी गेले. गेम सुरू झाला. कुठल्या तरी परक्या देशातल्या डोंगराच्या पायथ्याशी बस उभी, इंजिन धडधडतंय. काकांचा उजवा हात स्टिअरिंगवर, डावा मांडीवर पडलेला. बस काही हलेना. आम्ही वाट पाहिली. तरी हलेना.

"हँग झालो काय गो?" तन्वीने घाबरून विचारलं.

'तरी मी सांगत होते' हे शब्द अगदी जिभेच्या टोकावर आले होते. पण माऊस हलवून बघितला तर बाण सरळ सरकला. यंत्र ठणठणीत होतं.

"काकानू, सोडा मा गाडी."

काका समोरच बघत होते. "बेल होवक नाय अजून," ते म्हणाले.

कंडक्टरने दोनदा बेल दिली की गाडी सोडायची. त्या डबल बेलशिवाय या माणसाने स्टॅण्डवरून कधी चाक हलवलं नव्हतं, आणि आज घरातल्या टेबलावरही हलवणार नव्हता. गेममध्ये बेल कुठली? मी उगीच बटणं शोधत बसले.

तन्वीची आई, सावित्रीकाकू, मागे स्टुलावर बसल्या होत्या. 'म्हातारपणी कसले हे खेळ' म्हणून सकाळपासून त्यांची कुरकुर चालली होती. त्या उठल्या, देवघरातली घंटा घेऊन आल्या आणि काकांच्या पाठीशी उभं राहून ती दोनदा वाजवली. टण टण.

काकांचा डावा हात मांडीवरून उठला. थरथरला, दांड्याला चुकला, पुन्हा गेला आणि या वेळी त्याने मूठ घट्ट धरली. पहिला गिअर पडला. तन्वीने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. मला रडू आलं, आणि ते लपवावंसंही वाटलं नाही.

बस चढणीला लागली. वळणावर चित्र जरासं अडखळलं. मी चकार शब्द काढला नाही.

"पाठी कोण आसा?" रस्त्यावरची नजर न काढता काकांनी विचारलं.

"मी."

"खंय उतरतलंस?"

"तुमी नेशात थंय," काकू म्हणाल्या आणि घंटा मांडीवर घेऊन पुन्हा स्टुलावर बसल्या.