गोटमारीत हात बांधत नाहीत

विनायकराव मालगुजारानं कॅसेटच्या पोटातली फीत दोन बोटांत धरली आणि ओढत सुटला. ती संपेना. कोंबडीची आतडी ओढावीत तशी ओढत होता. मग तो सगळा गुंता त्यानं माझ्या गळ्यात घातला, दोन्ही बाजूंनी मुठीत धरला आणि हिसडा दिला. एक फीत असती तर तुटली असती. गुंता तुटत नाही. गळ्याला चर्र झालं.

"चाल," तो म्हणाला. "बैलावानी चाल."

भर दुपार. गावाचं आखर, म्हणजे सकाळी गुरं जमा होतात ती जागा. शेणानं भरलेली. त्यावरून त्यानं मला अख्ख्या गावासमोर फिरवलं. मी थांबले तर मागून गुडघ्यात लाथ. पडले तर केसांना धरून वर. माझ्या जातीचं नाव तो शिवीसारखं घेत होता आणि ओट्यावर बसलेले लोक मान डोलवत होते. ज्यांच्या संत्र्याच्या तोडीला मी आणि माय वर्षानुवर्षं गेलो, ज्यांच्या बायका आम्हाला वरून पाणी ओतायच्या, ते सगळे आलेले. कुणीतरी हसलं. ते हसू मला अजून ऐकू येतं.

एका कडेला माझे बाबा बसले होते. उजवा हात मांडीवर धरून. तो हात तासाभरापूर्वी काठीनं मोडला होता. मारणाऱ्यानं आधी विचारलं होतं, "हाच हात ना?" बाबांजवळ माय. आणि तिच्या पलीकडे मोठी माय, माझ्या थोरल्या काकांची बायको. तिच्या पिकल्या केसांतला एक झुबका आखरावरच पडला होता.

फिरवून झाल्यावर विनायकरावानं आमचाच टेप ओट्यावर ठेवला. त्यात नवी कॅसेट घातली. माणूस पाठवून सौंसरहून सकाळच्या बसनं आणवलेली, कोरी. आम्हाला कोरी कॅसेट कधी परवडली नाही. यांना आमच्या तोंडून खोटं पाहिजे होतं, ते मात्र कोऱ्या कॅसेटवर.

"बोल यात," तो म्हणाला. "माहा मोठा बाप गोटमारीत मेला. मोठी माय खोटं बोलली. बस, इतकंच. मंग तुमच्याच भोंग्यावर लावू."

गोटमार आमच्या भागात कुणाला सांगावी लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. त्या झेंड्यासाठी दिवसभर एकमेकांवर दगड. डोकी फुटतात, डोळे जातात, कधी माणूस जातो. आणि एक रीत आहे. गोटमारीत दगड कुणी मारला हे विचारत नाहीत. ज्याला लागला त्यानं देवीचा अंगारा लावायचा आणि पुढच्या साली पुन्हा यायचं. त्या दोन गावांनी आपसांत काय पाळावं हे त्यांचं ते बघतील. पण कुणी मारलं हे विचारायचं नाही, ही रीत ज्याच्या हातात दगड असतो त्याच्या फार सोयीची असते.

आमच्या गावाचा त्या दगडांशी संबंध नव्हता. आम्ही या काठाचे नाही, त्या काठाचे नाही. मोठे बाबा, म्हणजे माझे थोरले काका, जन्मात कधी गोटमार पाहायला गेले नव्हते.

आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हाच मेलेली गुरं ओढायचं काम सोडलं. आम्ही सोडलं, पण गावानं सांगायचं सोडलं नाही. मी लहान होते. ऐन पोळ्याच्या संध्याकाळी विनायकरावाचा बैल मेला. शिंगं रंगवलेला, झूल पांघरलेला, पुरणाची पोळी खाल्लेला बैल. गावचा जमीनदार विनायकराव तेव्हा तरुण होता. आमच्या दाराशी येऊन मोठ्या बाबांना म्हणाला, ओढून ने. मोठे बाबा खाटेवरून उठलेही नाहीत. म्हणाले, "ज्यानं पुजला, त्यानंच उचलावा."

हे वाक्य वस्तीत आम्ही पोरं खेळताना म्हणायचो. त्याची किंमत आम्हाला ठाऊक नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे बाबा नाल्यावर गेले, तिथं त्यांना धरलं. बैलाच्या कासऱ्यानं हात मागं बांधले आणि दगडांनी ठेचलं. मग जीपमध्ये टाकून, वर ताडपत्री ओढून पांढुर्ण्याला नेलं. नदीकाठी जखमी लोक आणून निजवत होते, त्यांच्यात नेऊन टाकलं. कासरा सोडून घेतला होता. बैलाचा कासरा कामाचा असतो.

मोठी माय भाकर घेऊन मागून गेली होती. तिनं शेताच्या धुऱ्याआडून, म्हणजे बांधाआडून, पाहिलं. ती ओरडली, पण त्या दिवशी गाव रिकामं होतं. गाव गोटमार पाहायला गेलं होतं.

बाबा ठाण्यात गेले. तिथला माणूस म्हणाला, "गोटमार में कौन किसका नाम लिखता है? जाओ." बाबा परत आले. पोरं खाणारी होती, काम विनायकरावाच्याच संत्र्याच्या बगिच्यात होतं. हळूहळू बाबाही तेच म्हणू लागले, भाऊ गोटमारीत गेला. यालाच तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. फरक एवढाच की आमचं तोंड आम्हीच दाबलं होतं, आणि ते दाबायला त्यांनी शिकवलं होतं.

ही कॅसेटची गोष्ट पंच्याऐंशी-शहाऐंशीतली. मी घरी राहून प्रायव्हेट परीक्षेला बसत बी.ए. करत होते. सौंसरला आमच्या पोरापोरींचं एक मंडळ होतं. तिथं ठरलं की म्हातारी माणसं एकेक करून चालली आहेत, त्यांनी काय काय केलं ते त्यांच्या तोंडून टेप करून ठेवायचं. पाणी कसं मिळवलं, ढोरं ओढायचं कसं सोडलं, मजुरी वाढवून मिळावी म्हणून काम सोडून कोण बसून राहिलं. माझा भाऊ नागपूरला कामाला होता, त्यानं जुना टेप दिला. मी तो पिशवीत घालून रामाकोन्यापासून पांढुर्ण्यापर्यंत फिरू लागले. सेल उतरले की उन्हात ठेवायचे, पुन्हा थोडे चालायचे. कॅसेट नव्हत्या. मग घरातल्या जयंतीच्या गाण्यांच्या कॅसेटवरच आम्ही टेप करायचो. पुढची दोन-चार गाणी ठेवायचो, कारण गाणी पुसायला जीव होत नव्हता. मागच्या भागावर माणसं.

माणसं आधी म्हणायची, "आमचं काय घेता, बाप्पा? आमी काय केलं?" आणि मग तासभर थांबायची नाहीत. ऐकून मी घरी यायची आणि रात्री जेवण जात नसे. इतकं केलं होतं या लोकांनी, आणि आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

मोठ्या मायकडं मी सगळ्यात शेवटी गेले. घरचंच माणूस, जाईन कधीही, असं वाटायचं. ती तुरीची डाळ निवडत होती. यंत्राकडे तिनं पाहिलंही नाही.

"गोटमारीत हात बांधत नाहीत," ती म्हणाली. "माह्या माणसाचे हात बांधले होते. मी आंघोळ घातली त्याले. मनगटं सोलून निघाली होती. कासऱ्याचा पीळ उमटला होता मासावर. विनायकरावानं बांधले. मी पाह्यलं. कोणी मले इचारलंच नाही, म्हणून आजवर सांगतलं नाही."

खडे वेचता वेचता तिनं सगळं सांगितलं. मी रडत होते. ती रडली नाही.

जयंतीच्या सकाळी वस्तीत भोंगा लागला. झेंडा चढवायचा होता, मी रांगोळी काढत होते. बाबांनी फळीवरची गाण्यांची कॅसेट काढली आणि लावली. त्यांना काय माहीत? दोन गाणी वाजली, तिसरं अर्ध्यात तुटलं, आणि गावावरून मोठ्या मायचा आवाज गेला. गोटमारीत हात बांधत नाहीत.

मी धावले. बाबा टेपजवळच उभे होते. त्यांचा उजवा हात बटणावर होता. एक बोट दाबलं असतं तर बंद झालं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोट तसंच ठेवलं. भोंगा पार मालगुजाराच्या बगिच्यापर्यंत ऐकू जायचा. कॅसेट संपेपर्यंत बाबांनी ते बटण दाबलं नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी विचारलं गेलं, हाच हात ना?

तर मी आखरावर उभी होते. गळ्यात फीत. समोर टेप. विनायकराव सांगत होता की बोलली नाही तर उद्यापासून वस्तीतल्या कुणालाही तोडीला बोलावणार नाही, चक्कीवर दळण मिळणार नाही, आणि मोठी माय आज इथून चालत घरी जाणार नाही. शेवटचं तो हळू आवाजात म्हणाला. तेच मला खरं वाटलं.

माय माझ्या पायाशी आली. "बोलून टाक ना, बाई," ती म्हणाली. "एक वाक्यच तर हाये. आमी नाही का बोलत आलो?"

मी मायकडे पाहिलं. तिचा मला राग आला, आणि तिची दयाही आली. एकच वाक्य. त्याच एका वाक्यावर आम्ही भाकरी खाल्ली होती. मी बोलणारही होते. खोटं कशाला सांगू, ओठांपर्यंत आलं होतं.

तेवढ्यात मोठी माय दिसली. ती कुणाला विनवत नव्हती. माझ्याकडेच पाहत होती. तिनं मांडीवर एका हाताचं मनगट दुसऱ्या हातानं धरलं होतं आणि ती ते चोळत होती, जणू तिथं दुखत होतं.

मी आवाज टेप करायची दोन्ही बटणं दाबली.

"गोटमारीत हात बांधत नाहीत," मी म्हणाले. "माह्या मोठ्या बापाचे हात विनायकरावानं बांधले. बैलाच्या कासऱ्यानं."

क्षणभर त्याला कळलंच नाही. आमच्या तोंडून त्याला फक्त हो ऐकायची सवय होती. मग तो वाकला. आखरावर दगडांना तोटा नाही. त्यानं मुठीत मावेल असा उचलला आणि दोन पावलांवरून मारला. उजव्या भुवईच्या वर लागला. आवाज आधी आला, दुखणं मागून आलं. डोळ्यात रक्त उतरलं, तोंडात आलं. मी बसले, आणि बसूनच टेपकडे तोंड केलं. चाकं फिरत होती.

"आज गोटमार नाही," मी म्हणाले. "पोळा लय दूर हाये. हा दगड विनायकरावानं मारला."

आखरावर कुणी हसलं नाही. अंगारा आणा असं कुणी म्हणालं नाही. आणि मग माय, माझ्या पायाशी बसलेली माय, टेपपाशी तोंड नेऊन म्हणाली, "मी पाह्यलं."

बाबा म्हणाले, "मी पाह्यलं."

विनायकरावानं टेप ओट्यावरून ओढून खाली टाकला आणि बुटानं तुडवला. झाकण तुटलं, सेल बाहेर आले, तो तुडवतच राहिला. माणूस मेल्यावरही मारत राहतात तसा. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं वाटतं.

मी आणि बाबा तशाच रक्तानं सौंसरला गेलो, मंडळातली पोरं ठाण्यात सोबत बसली, म्हणून या वेळी लिहून घ्यावं लागलं. पण लिहिलं म्हणजे न्याय झाला असं कुणी समजू नये. केस चालली. गाव साक्षीला आलं आणि म्हणालं, पोरगी धुऱ्यावरून पडली, बापाचा हात झाडावरून पडून मोडला. आमच्या घरात पडायची साथच आली होती. विनायकराव सुटला. त्या दिवशी त्याच्या बगिच्यात जेवण झालं. वस्तीची तोड बंद झाली, चक्की बंद झाली, आमच्यातलेही काहीजण माझ्याशी बोलेनात. बाबांचा हात वाकडाच जुळला. मोठी माय पुढच्या एका उन्हाळ्यात गेली. तिचा आवाज कुठंही शिल्लक नाही. एक कॅसेट माझ्या गळ्यात गेली, दुसरी बुटाखाली.

माझा राग गेलेला नाही. जावा असं मला वाटतही नाही.

भुवईवरची खूण मोठी आहे. पांढुर्ण्याच्या बसमध्ये कुणीतरी पाहतं आणि कौतुकानं विचारतं, "गोटमार का, बाई?" आमच्याकडे अशी खूण मिरवतात. मी सांगते, नाही. कुणी मारलं ते सांगते. नावानिशी. विचारणारा खिडकीबाहेर पाहू लागतो. मग मी मोठ्यानं सांगते, म्हणजे मागच्या सीटपर्यंत जाईल.

मी अजून फिरते. दुसरा टेप घेतला, तो बिघडला, तिसरा घेतला. म्हातारी माणसं सांगतात, आमच्या त्याला मारलं, आमची झोपडी जळली, आमच्या पोरीला ओढून नेलं. मारलं, जळली, नेलं. करणारा कुठंच नाही, जणू हे सगळं पावसासारखं वरून पडलं. मी त्यांना तिथंच थांबवते. तीच रीत आहे ही, जाम नदीच्या काठावरची, आमच्या प्रत्येक गावात घुसलेली. मी ती पाळत नाही. माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: कुणी मारलं? नाव येईपर्यंत मी पुढं जात नाही, आणि नाव आलं की तेच आधी ठेवते.

वर पहिल्या ओळीत पाहा. नाव आहे. ते तिथं चुकून आलेलं नाही.