ओंजळ धर म्हणाला

"ओंजळ धर," तो म्हणाला.

रविवारची दुपार. औरंगपुऱ्यातलं आमचं हॉटेल गच्च भरलेलं. मी तिथं वेटर. बिल भरून झालं होतं आणि बडीशेपेची वाटी घेऊन मी टेबलाजवळ उभा होतो. त्यानं टिपेची नोट वाटीशेजारी ठेवली नाही. दोन बोटांत धरून उंच केली.

तो आमच्याच गावचा, लासूर स्टेशनकडचा. बड्या जमीनदाराचा मुलगा. आता चितेगावला कंपन्यांना माणसं पुरवतो. मला बघताच त्यानं ओळखलं होतं. माझा बाप कोण, आमची वस्ती कुठली, सगळं त्याला ठाऊक.

"लाजतो काय? तुमच्या लोकायला सवय हाय की."

मित्र हसले. मी वाटी खाली ठेवली आणि माझे हात ओंजळीत जुळले. मी जुळवले नाहीत, आपसूक जुळले.

माझ्या आजीला त्यांच्या दारात पाणी असंच मिळायचं. वरून, भांडं न लागता. पण मला हे घरानं शिकवलं नव्हतं. आम्ही बौद्ध. माझा बाप कुणापुढं वाकला नाही. मला वाकवलं या नोकरीनं. गिऱ्हाइकाचा चेहरा वाचायचा, शिळ्या विनोदावर हसायचं, शिवी आली तरी "जी साहब" म्हणायचं. सगळं त्या एका नोटेसाठी. लाज वाटली. स्वतःचीच.

त्यानं नोट सोडली आणि मी हात बाजूला घेतले. नोट खाली उष्ट्या रश्श्यात पडली.

"उचल."

"तुमची हाय. तुमी उचला."

मालक गल्ल्यावरून धावत आला. आधी त्याची माफी मागितली, मग माझ्यावर उखडला. "अक्कल हाय का? गिऱ्हाईक खूश तर तुझं घर चालतं."

"माझं घर पगारावर चालू द्या. पुरा पगार द्या."

"टिप हाय की. लई भेटती तुमाला."

इथंच तर सगळी गोम आहे. राबायचं याच्याकडं, आणि मजुरीसाठी तोंड बघायचं दुसऱ्याचं. चांगली माणसंही येतात. हळूच हातात नोट ठेवतात, चहा घ्या म्हणतात. त्यांच्यावर माझा राग नाही. पण त्यांचं घरी भांडण झालं, की त्या दिवशी माझ्याकडं भाजी नाही. हा कुठला हिशेब?

"पगार ठरवा," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "आजपासून टिप घेणार नाय मी."

"मंग दुसरीकडं बघ."

बघतोय. जाईन तिथं पहिला प्रश्न पगाराचा विचारतो. मालक हसून सांगतात, टिप चांगली मिळते इथं. मी उठतो. पोराची फी थकली आहे, बायको चिडते. तिचं चुकत नाही. मलाही रात्री झोप लागत नाही.

उद्या क्रांती चौकाजवळच्या एका हॉटेलात बोलावलंय. तिथंही हेच विचारणार. आधी पगार सांगा. मग ताट उचलतो.