उंबऱ्यातला निरोप

माझ्या मुलीच्या जन्माच्या दिवशी डॉक्टर खरं काय म्हणाले होते, ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

दुष्काळाचा दुसरा उन्हाळा होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत. पण तिचं माहेर तेर गावाच्या पुढं, आणि तिकडं नदीत वाळू अन् विहिरीत गाळ एवढंच उरलं होतं. बाळंतिणीला पाणी लागतं. म्हणून लेकीला न्यायला कुणी आलं नाही. तिची आईच एसटीनं आमच्याकडं आली. आमच्या गावाला निदान टँकर तरी येत होता.

बायकोला दवाखान्यात जायचं नव्हतं. "मला सुई टोचून घ्यायची न्हाय," ती मला म्हणाली होती. "आईचं झालं तसं घरातच व्हायचंय. तुमी फकस्त ओसरीवर थांबा. कुठं जाऊ नका." मी मान हलवली होती.

सासूबाईंनी तिची तयारी चालू केली. सकाळी उकिडवं बसून सारवण, मग जातं. दळायला रेशनवरची लाल मिलो ज्वारी, तीही थोडीच. जातं रिकामं फिरवायचं नसतं, म्हणून दळलेलंच पीठ त्या पुन्हा वैरायला लावायच्या. "खुंटा ओढताना श्वास सोड. तोंड उघडं ठिव. दात आवळलं की सगळं अंग आवळतं बग." आढ्याला दावं बांधलं होतं. ते धरून बायको उकिडवी बसायची, उठायची, घामाघूम व्हायची. पुढंपुढं तिला ते जमायला लागलं. एकदा मी आत डोकावलो, तर दावं धरून हसत होती. म्हणाली, "बगा, आता मी कधीबी तयार हाय."

सासूबाई मात्र आमच्या घरचं पाणी पीत नव्हत्या. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, असा त्यांच्याकडं नेम. जेवण-पाणी शेजारच्या काकूंकडं. माझी आई त्यावरून त्यांना टोचायची.

"विहीणबाई, टँकर एकच, पाणी एकच. रांजण तेवढा येगळा!"

"रांजण येगळा म्हंजी घर येगळं. नातवंड होऊ द्या, मग तुमचा अख्खा रांजण रिकामा करते का न्हाय बगा."

"करा बाई. तवर टँकर बंद न्हाय पडला म्हंजी झालं."

मी तेव्हा पाझर तलावाच्या कामावर हजेरी घ्यायचो. गावात नवी सहकारी सोसायटी निघत होती आणि तिचा सचिव कुणाला नेमायचं ते उमरग्याच्या सभेत ठरणार होतं. चेअरमन होणारे पाटील म्हणाले होते, "दुपारी जीप येईल. तू स्वतः समोर पायजेस, न्हायतर दुसरा तयारच हाय."

नेमक्या सभेच्याच दिवशी पहाटेपासून कळा चालू झाल्या.

मी ओसरीवर बसलो. आतून तिचा श्वास ऐकू यायचा, लांब, जात्यावरच्यासारखा. मध्ये शांतता. मग पुन्हा. सासूबाई म्हणायच्या, "झ्याक चाललंय, माय, झ्याक." ऊन वर आलं तरी काही नाही. पहिलटकरणीला वेळ लागतो हे मला कळत होतं. पण माझं लक्ष रस्त्याकडं होतं. शेवटी सायकल काढली आणि बाजारगावच्या डॉक्टरांना घेऊन आलो.

डॉक्टर आत गेले, पोटावर हात ठेवून पाहिलं आणि मुकाट्यानं बाहेर आले. त्या काळी डॉक्टर बायकांशी बोलायचे नाहीत, बायका डॉक्टरांशी नाही. जे काय असेल ते घरच्या पुरुषाकडं. मी उंबऱ्यात उभा होतो.

डॉक्टर हलक्या आवाजात मला म्हणाले, "सगळं बरोबर आहे. कळा चांगल्या आहेत. संध्याकाळपर्यंत मोकळी होईल. माझं काही काम नाही इथं."

मी म्हणालो, "कळा वाढवायचं इंजेक्शन द्या. आतल्या बायकाच म्हणताहेत."

"कशाला? उगं त्रास होईल तिला."

"त्या लई घाबरल्यात, डॉक्टरसाहेब."

डॉक्टर नाइलाजानं बॅग उघडायला ओसरीच्या कडेला गेले. मग मी आत तोंड करून सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, कळा कमी पडायल्यात. सुई द्यावी लागंल."

बायकोनं दावं सोडलं आणि दंड पुढं केला.

त्यानंतर मधली शांतता संपली. कळेवर कळ यायला लागली. श्वासाचा मेळ राहिला नाही. सासूबाई "तोंड उघड, तोंड उघड" ओरडत होत्या, आणि ती दात आवळून किंचाळत होती. मुलगी झाली, लगेच रडली. पण बायको फाटली होती. रक्त थांबेना. डॉक्टर टाके घालत होते, आणि माझी आई रांजणातलं पाणी ओतून ओतून फडकी धूत होती.

रक्त थांबल्यावर सासूबाई बाहेर आल्या. माझ्या आईनं तांब्याच्या तळाशी उरलेलं पाणी त्यांच्या पुढं धरलं. आमच्या घरचं पहिलं पाणी. त्या घोटभर प्याल्या आणि आईपुढं हात जोडून म्हणाल्या, "विहीणबाई, माझी लेक कमी पडली. तुमाला तरास झाला. पोटात घ्या."

मी तिथंच होतो. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. बाहेर जीपचा हॉर्न वाजला आणि मी निघालो.

मला सचिवपद मिळालं. आजही मीच सचिव आहे. बायको कित्येक आठवडे अंथरुणावर होती. पुढं तिला पुन्हा दिवस राहिले नाहीत. सासूबाई गेल्या, त्या लेक कमी पडली हेच धरून गेल्या. डॉक्टरही गेले. ते काय म्हणाले, हे ठाऊक असलेला आता मी एकटाच.

बायकोनं मला कधी दोष दिला नाही. सभेला गेलो म्हणूनही नाही. स्वतःलाच दिला. कुणाची सून गरोदर असली की म्हणते, "माझ्यानं न्हाय झालं बाई. एवढं शिकून, एवढी तयारी करून ऐन वेळंला अंगानंच दगा दिला." मी तेव्हा पेपर उघडून बसतो.

आता मुलीला दिवस गेलेत. परवा ती आईला म्हणाली, "मला शक्यतो साधंच बाळंतपण व्हायला पाहिजे. तू शिकव ना, आजीनं तुला शिकवलं तसं." बायकोनं भाजी चिरायची थांबवली. म्हणाली, "नको गं. तू माझ्याच अंगाची. तुलाबी कळा यायच्या न्हाईत. सरळ ऑपरेशनच कर."

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. "बाबा, तुम्ही होता ना तेव्हा? खरंच तसं झालं होतं?"

मी म्हणालो, "आई सांगते तसं."

म्हणजे पुन्हा तेच केलं.

हे मी लिहून काढलंय, कारण तोंडानं अजून जमलेलं नाही. पण लिहून सुटका नाही. तिच्या कळा चांगल्या होत्या, डॉक्टर तसं म्हणाले होते आणि सुई मी मागितली होती, हे मुलीच्या देखत बायकोला सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.