पहिल्या वेळचं नको

दिवाळीचा फराळ संपत आला की पुढच्या खोलीचं कुलूप काढून ठेवायचं, हे माझ्या अंगवळणी पडलं होतं. यवतमाळात थंडी पडो न पडो, मैदानाच्या कडेला तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतातच. त्यातल्या दोघी मायलेकी हिवाळाभर माझ्याकडे राहायच्या आणि फेब्रुवारीत किल्ली माझ्या हातावर ठेवून जायच्या. दोघींचाही जन्म इथल्याच, पूर्व विदर्भातल्या निर्वासितांच्या वसाहतीतला. तरी गल्लीत कुणी नवीन आलं की त्यांना नेपाळी म्हणायचं आणि मी दर वेळी चिडून दुरुस्त करायचे. कचेरीत होते तेव्हाही दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्यातच माझा अर्धा दिवस जायचा.

लेक बंगळुरूकडे नर्सिंग शिकून आली, त्या हिवाळ्याची ही गोष्ट. तिला स्वेटर विकायचे नव्हते. लहान मुलांच्या दवाखान्यात काम करायचं होतं, आणि तेही इथेच. लहानपणापासूनचे हिवाळे तिने इथे काढलेले. डोळे मिटून ऐकलं तर शेजारच्या कळंबची पोरगी बोलते आहे असंच वाटावं. पण जिथे जाई तिथे सगळं विचारून झालं की शेवटी एकच प्रश्न यायचा, थंडी संपल्यावर तुम्ही लोक जाता ना? स्वेटरवाले जातात हे गावाला पाठ होतं. ही राहणार आहे, हे तिने कितीही सांगितलं तरी कुणाला पटत नव्हतं. काही जमलं नाही तर ती आईबरोबर परत जाणार आणि पुढच्या हिवाळ्यापासून दुकानात बसणार, हे घरात कुणी न बोलताच ठरून गेलं होतं. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

शेवटी माझ्या ओळखीच्या एका मुलांच्या डॉक्टरांना मी सांगून ठेवलं. त्यांनी तिला बोलावलं आणि दिवसभर काम करायला लावून पाहिलं. संध्याकाळी ती हसतच घरी आली. डॉक्टरांना काम आवडलं होतं, सोमवारपासून येता का म्हणून विचारलंही होतं. मी लगेच शिऱ्यासाठी रव्याचा डबा काढला.

"मग तू काय म्हटलं?"

"मी म्हटलं, नाही सर, माह्यापेक्षा चांगल्या पोरी भेटतील तुमाले."

डबा माझ्या हातातच राहिला. "काहून?"

ती माझ्याकडे नवलाने पाहत राहिली. मोठ्या माणसाने काही देऊ केलं तर पहिल्या वेळी घ्यायचं नाही, असं त्यांच्यातलं वळण. लगेच हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. समोरचा पुन्हा विचारतो, आग्रह करतो, मग घ्यायचं. पोरीनं वळण राखलं म्हणून आई कौतुकाने मान डोलवत होती. आता परत विचारतील, असं तिने मला समजावूनही सांगितलं.

आता माझंही बघा. ही बाई इतकी वर्षं माझ्या चहाला आधी नको म्हणत आली आणि मी तिच्यापुढे कप ठेवत आले. आमच्याकडे तरी आग्रहाशिवाय कोण जेवतं? त्यामुळे त्यात वेगळं काही आहे हे मला कधी दिसलंच नाही. पण नोकरी म्हणजे काही बासुंदी नव्हे, आणखी एक वाटी घ्या म्हणत कुणी मागे लागायला.

सोमवार आला आणि गेला. दवाखान्यातून फोन आला नाही. पोरगी फोन उशाशी घेऊन बसायची आणि वाजला की दचकायची. मी डॉक्टरांना फोन लावायला निघाले तर तिने माझा हात धरला. आपणहून मागणं तिला बरं दिसत नव्हतं. मग मात्र माझा पारा चढला. आपल्या गावात एकदा विचारतात तेच खूप झालं, आता स्वतः जाऊन हो म्हणून ये, असं मी तिला खडसावलं. दुसऱ्या दिवशी ऐन हंगामात तिच्या आईने दुकान बंद ठेवलं, ठेवणीतला झगा घातला आणि आम्ही तिघी दवाखान्यात गेलो.

डॉक्टर गोंधळले. तुम्ही तर नाही म्हणालात, म्हणाले; थंडी संपल्यावर जाणार असाल, असं ते धरून चालले होते. मग त्यांनी चहाचं विचारलं. दोघी एका सुरात नको म्हणाल्या. बरं, म्हणून डॉक्टरांनी विषय सोडला.

"डॉक्टर, परत विचारा," मी म्हटलं.

त्यांनी विचारलं. पुन्हा नको. मी अजून एकदा विचारायला लावलं, तेव्हा दोघींनी दोन्ही हातांनी कप घेतले. डॉक्टर त्या कपांकडे पाहत राहिले आणि मग खुर्चीत मागे रेलून मनापासून हसले. हसू आवरल्यावर त्यांनी पोरीला विचारलं, येता का कामाला?

ती तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, "हो म्हण, बेटी."

"हो सर," पोरगी म्हणाली. "थंडी गेल्यावर बी."

त्या दिवशी शिरा झाला आणि मला भरून आलं, हे सांगायला मला लाज नाही. आता गल्लीतली लेकरं तापली की आया आधी माझ्या ओसरीवर येतात. पुढच्या खोलीतली सिस्टर घरी आहे का, असं विचारतात. नेपाळी कुणी म्हणत नाही, त्यामुळे माझं दुरुस्तीचं काम तेवढं कमी झालं.

त्या फेब्रुवारीत स्वेटरचे गठ्ठे बांधून झाल्यावर आई एकटीच निघाली. नेहमीप्रमाणे तिने खोलीची किल्ली माझ्यापुढे धरली. मी नको म्हटलं. तिने हसून पुन्हा पुढे केली. मी पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदाही मी हात पुढे केला नाही, तेव्हा कुठे तिला कळलं की माझं नको खरंच नको आहे, आणि तिने किल्ली लेकीच्या हातात दिली.