सासऱ्यांसाठी रेशमी अळ्या

माझ्या फ्रिजमध्ये यापुढे अळ्या ठेवायच्या नाहीत, असं मी सासऱ्यांना ठणकावून सांगितलं, तेव्हा नवऱ्याच्या हातातला चहा सांडला. त्या घरात सासऱ्यांशी असं कुणी बोलत नसे. नव्वदच्या दशकातलं आमचं नागोयाचं घर. नवरा जपानी, मी पुण्याची, सासरे आमच्याबरोबर. हिवाळ्यात नागानोच्या डोंगरातल्या गोठलेल्या तळ्यावर जायचं, बर्फाला भोक पाडून बोटभर लांबीचे वाकासागी मासे धरायचे, हा सासऱ्यांचा सण. त्यासाठी लागणाऱ्या जिवंत पांढऱ्या अळ्या भुशाच्या डबीत, माझ्या दह्याशेजारी मुक्कामाला असत.

खरं तर मला त्यांची किळस कधीच वाटली नाही. अळ्या लागलेले तांदूळ मी लहानपणी किती तरी निवडलेत. पण आदल्या रविवारी तळ्यावर मी सासऱ्यांची बोटं थरथरताना पाहिली. गळ तांदळाच्या कणीएवढा; त्यात अळी ओवायला जावं तर ती बर्फावर पडायची. मी हात पुढे केला, तर त्यांनी पाठ फिरवली. परतताना गाडीत म्हणाले, "आता पुरे. तळ्यावर फार थंडी असते." उभ्या जन्मात या माणसाला थंडी वाजली नव्हती! मला रडू आलं, आणि रागही आला. तळं सुटलं की हा माणूस टीव्हीसमोर बसून संपणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून मी ठरवलं, ओवायची भानगडच नको. अळी गळावरच बांधून टाकायची. साड्यांच्या पदरांना गोंडे बांधण्यात माझा हात धरणारं पुण्यात आमच्या गल्लीत कुणी नव्हतं. पहिल्या अळ्या सुती दोऱ्याच्या केल्या. पेल्यातल्या पाण्यात टाकल्या, तर फुगून त्यांच्या वाती झाल्या. मग गोंड्यांचा उरलेला रेशमी दोरा काढला. गळ कपड्यांच्या चिमट्यात धरायचा, दोरा घट्ट गुंडाळायचा, डोक्याशी काळ्या दोऱ्याचे वेढे, वरून बिनरंगी नेलपॉलिशचा थेंब. ओली झाली की अशी चकाकायची, मलाच क्षणभर खरी वाटली.

"दोऱ्याला मासे फसत नाहीत," सासरे म्हणाले.

"मग उपाशी राहतील. माझ्या फ्रिजमध्ये अळ्या येणार नाहीत, ओतोसान."

पुढच्या रविवारी मीच सामान गाडीत भरलं, तेव्हा ते निघाले. तळ्यावर त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "काय करणार, घरात सुनेचं राज्य आहे." मंडळी पोटभर हसली. बराच वेळ काहीच लागलं नाही आणि मी मनातल्या मनात देवांना वेठीला धरलं. मग दोरी हलली. दोऱ्याच्या अळीला वळवळ हवी असते, ती सासऱ्यांच्या हातात आयतीच होती. पूर्वीइतके मासे मिळाले नाहीत, पण तळण्यापुरते मिळाले.

संध्याकाळी मी मासे बेसनात घोळवत होते. सासरे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"अजून थोड्या बांधशील? तळ्यावर माझ्या शेजारी बसतो ना, त्या मित्राला हव्यात. त्याच्या सुनेलाही अळ्यांची किळस येते म्हणे."

"बांधते," मी म्हटलं.

त्या मित्राचं लग्नच झालेलं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.